‘आहे’, ‘लागते’ आणि ‘घेऊन बघ’ : मित्रांमधील मद्यशिफारशीची भाषा

दोन मित्रांनी एकमेकांस एखादे पेय सुचवावे, ही घटना भाषाभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु चव ही ज्याची त्याने घ्यावयाची गोष्ट असल्याने, एकाच्या जिभेवरील अनुभव दुसऱ्यापर्यंत शब्दांनी पोहोचतो तरी कसा, हा अर्थविचारातील एक अवघड प्रश्न या साध्या प्रसंगात दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार उत्तर कोकणातील एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

पालघर तालुक्यातील माकुणसार हे सफाळे-केळवे परिसरातील वाड्यांचे गाव. या किनारपट्टीत ताडापासून ताडी, माडापासून माडी आणि शिंदीच्या झाडापासून शिंदी ही पेये काढण्याची परंपरा जुनी आहे. तेथील एका वाडीत एका यजमानाकडे मुंबईचा मित्र आला आहे, असे समजू. मित्राने नाशिककडची तांबडी वाइन आणली आहे. यजमानाने ताडीचे मडके ठेवले आहे. दोघेही परस्परांस एकच वाक्य म्हणतात : “ही घेऊन बघ, तुला आवडेल.” या वाक्याने नेमके काय सांगितले जाते?

१. शिफारशीचे व्याकरण

प्रथम क्रियापदांकडे पाहू. मराठीत चवीविषयी बोलण्याच्या दोन रचना आहेत. ‘ताडी आंबट आहे’ या वाक्यात आंबटपणा हा पेयाचा गुण म्हणून सांगितला जातो. ‘मला ताडी आंबट लागते’ या वाक्यात मात्र तोच आंबटपणा अनुभव म्हणून येतो आणि अनुभवणारा चतुर्थीत उभा राहतो. हा भेद केवळ शैलीचा नव्हे. तापात पाणीही कडू लागते, असे आपण म्हणतो. पाणी कडू आहे, असे म्हणत नाही. वस्तूचा गुण आणि जिभेची प्रतीती यांची फारकत मराठीने क्रियापदाच्या निवडीतच केली आहे.

‘आवडणे’ या क्रियापदाची रचनाही अशीच आहे. ‘मला ही वाइन आवडते’ या वाक्यात कर्तृपद वाइनकडे जाते. माणूस केवळ त्या आवडीचे ठिकाण होतो. म्हणून ‘तुला आवडेल’ हे वाक्य वरकरणी पेयाविषयी असले, तरी त्याचा खरेखोटेपणा श्रोत्याच्या जिभेवर अवलंबून असतो. वक्ता येथे पेयाचे वर्णन करीत नाही; मित्राच्या जिभेविषयी भाकीत करतो. ते करण्यास पेयाची ओळख लागतेच, परंतु मित्राची ओळख अधिक लागते. अपरिचितास आपण ‘ही चांगली आहे’ असे म्हणू शकतो; ‘तुला आवडेल’ असे म्हणण्याचा अधिकार मैत्रीतूनच येतो.

राहता राहिले ‘घेऊन बघ’. ‘-ऊन बघणे’ या संयुक्त क्रियापदात प्रयोगाचा अर्थ आहे. भाकीत केले, आता पडताळा तू घे, असा त्याचा आशय. श्रोत्याने ‘मला नाही आवडली’ म्हटले, तरी वक्ता खोटा पडत नाही. त्याचा अंदाज चुकला, एवढेच. शिफारस नाकारूनही मैत्री अबाधित राहते, याची सोय या रचनेत आहे.

२. वर्णनाची मर्यादा

वर्णनाने चव पोहोचते काय, याची पद्धतशीर तपासणी अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एड्रिएन लेहरर यांनी केली. त्यांचा ‘वाइन अँड कॉन्व्हर्सेशन’ हा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रयोगांत एकाने वाइनचे वर्णन करावयाचे व दुसऱ्याने त्यावरून ती वाइन ओळखावयाची, अशी योजना होती. सामान्य रसिकांच्या बाबतीत जुळणी निव्वळ योगायोगाहून फारशी सरस ठरली नाही. तरीही मंडळी उत्साहाने बोलत राहिली, हे महत्त्वाचे. मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये माहितीपेक्षा सहवास साधणाऱ्या भाषणाकडे लक्ष वेधले होते; वाइनविषयीच्या गप्पांचा मोठा भाग त्याच जातीचा असतो.

फ्रान्समध्ये केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने याला आणखी पुष्टी मिळते. पांढऱ्या वाइनला गंधहीन रंगाने तांबडे केले असता परीक्षकांनी तिच्या गंधाचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. शब्द नाकाने सुचविण्याऐवजी डोळ्याने सुचविले होते.

यावरून चवीचे शब्द निरर्थक ठरतात, असे मात्र नाही. शब्दास समान अनुभवाचा आधार लागतो, एवढेच सिद्ध होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या गंधांचे वर्गीकरण करणारे चक्र सिद्ध केले. त्यांनी केवळ शब्दांची यादी दिली नाही, तर त्या त्या शब्दाचा नमुना म्हणून प्रत्यक्ष पदार्थ वाइनमध्ये घालून हुंगण्याची पद्धतही सांगितली. अर्थ ठरविण्यासाठी अखेर वस्तूकडे बोट दाखवावे लागले.

३. माकुणसारचे शब्द

आता वाडीतील यजमानाकडे परत येऊ. ताडीविषयी बोलताना त्याला विशेषणांची फारशी गरज भासत नाही. तो वेळ आणि झाड सांगतो. पोयीला काप देऊन मडक्यात जमा होणारा रस ताजेपणी गोड असतो. मडक्यास आतून चुना लावला, तर तो आंबण्यापासून रोखला जातो आणि नीरा मिळते. एरवी किण्वाच्या क्रियेने काही तासांतच साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊ लागते. पुढे जीवाणूंमुळे तो आंबट होत अखेर शिरक्याकडे झुकतो. त्यामुळे ‘सकाळची’ आणि ‘दुपारची’ हे कालवाचक शब्दच येथे चवीचे शब्द बनतात. दोघांनीही ती ताडी त्या त्या वेळी चाखलेली असल्याने अर्थाविषयी घोटाळा होत नाही. ज्याला सकाळचीच रुचते, त्याला मित्र एखाद्या दिवशी थोडी उशिराची देतो आणि त्याच्या आवडीची सीमा थोडी पुढे सरकते. नवी आवड बहुधा अशी जवळच्या पायरीने येते.

पायऱ्यांचे हे भान मराठीच्या शब्दसिद्धीतही आहे. गोडसर, गोड, गोडमिट्ट; आंबूस, आंबट, आंबटढाण; कडवट, कडू, कडूजहर : प्रत्येक चवीची तीन स्थाने भाषेने बांधून ठेवली आहेत. तांबड्या वाइनमध्ये ज्याला महत्त्व असते तो तुरटपणा, म्हणजे संस्कृत षड्रसांतील कषाय, यास मात्र ‘मिट्ट’ किंवा ‘ढाण’ यांसारखी रूढ जोड सहसा आढळत नाही. तेथे आपण वस्तूचा आश्रय घेतो : जांभळासारखी, कच्च्या केळ्यासारखी, सुपारीसारखी. कित्येक चवींत अर्थही स्थिर राहिलेला नाही. आयुर्वेदातील ‘कटु’ म्हणजे तिखट. त्याच शब्दापासून आलेले मराठी ‘कडू’ मात्र ‘तिक्त’ या रसाचे वाचक झाले आहे.

४. बाटलीपुढचे मौन

एवढी सामग्री जवळ असता वाइनची बाटली उघडताच हाच यजमान ‘चांगली आहे’ एवढेच म्हणून थांबतो. याचे कारण ऐतिहासिक आहे. महाराष्ट्रात आधुनिक वाइनउद्योग नारायणगाव येथे १९८०च्या दशकात उभा राहिला. ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले. वाइनबरोबर तिची शब्दावलीही इंग्रजीतून आली. तीत चवीचे दाखले ब्लॅकबेरी, गूसबेरी, ओक असे आहेत. माकुणसारच्या माणसाने ही फळे चाखलेली नसतात. त्याला शब्द येत नाहीत असे आपण म्हणतो. वस्तुतः त्या शब्दांमागची वस्तू त्याच्या अनुभवात नाही. उलट मुंबईच्या मित्राला शब्द पाठ असतात, परंतु त्यानेही बहुधा गूसबेरी खाल्लेली नसते. दोघांपैकी अधिक प्रामाणिक कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

मुंबईच्या मित्राने “जांभळासारखी तुरट लागते, आणि मागाहून आंबूस, तुला दुपारची ताडी चालते, तेव्हा हीही आवडेल” असे म्हटले, तर त्या एका वाक्यात अनुभव, प्रमाण आणि मित्राची ओळख ही तिन्ही येतात. पालघर जिल्ह्यातच बोर्डी येथे चिकूपासून वाइन काढली गेली आहे. तिच्याविषयी बोलताना परक्या फळाचा दाखला शोधण्याचे तर कारणच नाही.

ताडावर चढणारे हात आता कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर केवळ एक धंदा नव्हे, तर वेळेवरून व झाडावरून चव ओळखण्याची एक परिभाषाही मावळेल. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी वाडवळी व परिसरातील अन्य बोलींतील रसवाचक शब्द जमवावेत, अशी सूचना करावीशी वाटते. जमविताना शब्दापुढे केवळ अर्थ लिहून भागणार नाही. कोणता पदार्थ, कोणत्या वेळचा आणि कोणी कोणास चाखावयास दिला, हेही नोंदवावे लागेल. रसाच्या शब्दाचा अर्थ कोशात पुरता सापडत नाही. तो देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या जिभांवर मिळून ठरतो.