मोहाच्या दारूची चव

मोहाची दारू पाण्यासारखी नितळ असते, त्यामुळे तिची पहिली ओळख पटते ती वासाने. पेला नाकाशी नेला की आधी सुकलेल्या फुलांचा मनुकांसारखा गोडसर दर्प येतो आणि त्याच्या मागोमाग ओली माती व धूर. या वासाने गोडाची अपेक्षा धरावी, तर घोट कोरडा निघतो. फुलांतली बहुतेक साखर आंबताना मद्यात बदललेली असते. उरलीसुरली भट्टीच्या भांड्यात तळाला राहते. जिभेवर किंचित तुरटपणा आणि घशात ऊब जाणवते, आणि घोट उतरल्यावर फुलाचा वास नाकात परत येतो.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात ही दारू पिढ्यानपिढ्या गाळली जात आली आहे. गोंड समाजात जन्म, लग्न, मरण अशा प्रसंगी तिला मान असतो. पिण्याआधी चार थेंब देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडतात.

मोह हा चिकूच्या कुळातला वृक्ष. मार्च-एप्रिलमध्ये पानझड झालेल्या फांद्यांवर घोसांनी फुले येतात. ती रात्री उमलतात आणि पहाटे त्यांचा फिकट पिवळा, मांसल, रसाळ भाग टपटप गळतो. वेचणारे उजाडण्याआधीच झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढले की फूल मऊ पडते. अस्वलांनाही फुलांची चटक असते, त्यामुळे एकट्यादुकट्याने जाणे धोक्याचे. ताज्या फुलांच्या वासात टू-असिटिल-वन-पायरोलिन हे संयुग सापडले आहे. सुवासिक तांदळाचा घमघमाट त्याच संयुगाचा. चिन्नोर हा सुवासिक तांदूळ पिकवणाऱ्या या मुलखाला तो वास नवा नाही.

दारूच्या चवीचा निम्माअधिक निकाल फुले वाळवतानाच लागतो. स्वच्छ अंगणात काही दिवस कडक उन्हात पडलेले फूल आक्रसून तांबूस-तपकिरी होते आणि त्यातली साखर घट्ट होते. अर्धवट वाळलेले फूल साठवणीत ओल धरते, त्याला बुरशी येते, आणि तो कुबट वास पुढे दारूत उतरतो. धूळ-माती चिकटलेल्या फुलांचेही तेच.

वाळलेली फुले पाण्यात भिजत घातली की हवेतल्या आणि फुलांवरच्या यीस्टने ती आंबू लागतात. या आंबवणाला सडवा म्हणतात. उन्हाळ्यात तो लवकर तयार होतो, थंडीत वेळ घेतो. बुडबुडे थांबले की भट्टी लावायची. सडव्याचे भांडे चुलीवर, वाफ अडवण्यासाठी सांधे मातीने लिंपलेले आणि वरच्या भांड्यात गार पाणी. हे पाणी तापले की बदलावे लागते, नाहीतर वाफ नीट थिजत नाही. आधी येणारी धार सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतला शब्दप्रयोग इथलाच. पुढे धार पाणचट आणि आंबूस होत जाते. ती कुठे तोडायची, हे गाळणाऱ्याच्या नाकावर ठरते.

मोहाची दारू उग्र, घाणेरड्या वासाची असते, हा शहरी समज पुष्कळदा फुलावर अन्याय करणारा आहे. चोरून, घाईने चालणाऱ्या हातभट्टीत काळा गूळ आणि नवसागर वापरतात. नाकाला झोंबणारा वास बऱ्याचदा तिथून येतो.

फूल वाळवण्याचे महत्त्व लंडनच्या पोर्टरशी तुलना केली तर अधिक स्पष्ट होते. अठराव्या शतकात तिथल्या हमालांमध्ये लोकप्रिय झालेली ही गडद तपकिरी बिअर. तिच्यात चाखणाऱ्यांना भाजलेली कॉफी, चॉकलेट आणि करपलेल्या पावाची चव लागते, आणि ती बहुतांशी भाजलेल्या मोड आलेल्या जवाची देणगी असते. डॅनियल व्हीलर याने 1817 मध्ये जव काळे होईतो भाजणाऱ्या पिंपाचे पेटंट घेतले आणि पोर्टरचा रंगच बदलला. तिथे जव भाजण्यावर जे अवलंबून, ते इथे फूल वाळवण्यावर. मात्र पोर्टर गाळली जात नाही, म्हणून तिचा रंग आणि अंगचा दाटपणा टिकतो. मोहाच्या दारूत ते दोन्ही सडव्यासोबत मागे राहतात.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणे 1949 च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे. फुले गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्याने 2021 मध्ये उठवले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्याचा दर्जा दिला. गोव्यात 2018 मध्येच ते बाटलीबंद होऊन ब्रँडच्या नावाने विकायला आले. कारखान्यात मद्याचे प्रमाण ठरलेले असते आणि प्रत्येक बाटली सारखी उतरते. गावच्या चुलीवर मात्र फुले, लाकूड आणि गाळणारा हात बदलला की चव बदलते.