मल्लाचा दम आणि बघ्यांचा निवाडा

श्रावणातील सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराचे दर्शन घ्यावे, कोरड्या तांदळाच्या त्या नवलाच्या पिंडी डोळे भरून पाहाव्यात, आणि बाहेर पडावे तो कानांवर हलगीचा आवाज यावा, हा जुन्नर तालुक्यातील यात्रेकरूंचा ठरलेला अनुभव होय. देवदर्शनाइतकीच कुस्त्यांची ओढ असलेला मोठा समाज तेथे आखाड्याभोवती कडे करून बसतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरू लागल्या, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत हेच दृश्य दिसते. पहिल्या दिवशी पालखी, रात्री तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आखाडा.

आखाड्यात दोन माणसे झुंजतात, आणि काठावर त्यांच्यासंबंधी दोनशे माणसे बोलतात. या बोलण्याचा विषय बहुधा जिंकणारा नसतो. जो मल्ल गेल्या वर्षी गाजला आणि यंदा मात्र तीन मिनिटांत धापा टाकू लागला, त्याच्याभोवती सारी चर्चा फिरत असते. ‘पोट सुटले’, असे एक म्हणतो. ‘नाव झाले, आता मेहनत कशाला करील?’ असे दुसऱ्याचे मत पडते. तिसरा त्याहून पुढे जाऊन कुस्ती नुरा असल्याचे, म्हणजे ती आधीच ठरवून आणल्याचे, जाहीर करून टाकतो. चवथा एखादा म्हातारा त्याची बाजू घेतो; पण त्याचे कोण ऐकतो?

बारकाईने पाहिले तर या वादात दोन निराळे आरोप एकत्र कालविलेले असतात. मल्लाला दम नाही, हा एक. आणि मल्लाला इच्छा नाही, हा दुसरा. पहिला शरीराविषयीचा आहे, दुसरा स्वभावाविषयीचा. काठावरचा मनुष्य पहिला डोळ्यांनी पाहतो आणि त्यावरून दुसरा सिद्ध झाला असे धरून चालतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत आणि भात एकाच हंडीतले असावे लागतात.

गंमत अशी की, हेच लोक बैलाच्या बाबतीत असा अन्याय करीत नाहीत. जुन्नर-आंबेगावचा बैलगाड्यांचा नाद सर्वश्रुत आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती बंद पडल्या, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. या मधल्या वर्षांतही येथील गोठ्यांतून शर्यतीचे बैल सांभाळले जात होते. घाटात एखादा नावाजलेला बैल मंद धावला, तर बघे काय विचारतात? काल कोठे पळविला होता, टेंपोतून किती दूर आणला, वैरण बदलली काय, खूर दुखावला काय. बैलाला गर्व चढला, असे कोणी म्हणत नाही. मुक्या जनावराला कारण असू शकते. बोलत्या माणसाला मात्र फक्त दोष असतो, असा हा विलक्षण न्याय आहे.

दम म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. स्नायूंजवळ तात्काळ उपयोगी पडणारी शक्तीची जी शिल्लक असते, ती पूर्ण जोर लावला असता सुमारे दहा सेकंदांत बहुतेक संपते. झपकन पट काढणे किंवा ढाक मारणे हे या शिलकीवर चालते. झुंज लांबली की स्नायू साठविलेली साखर जाळू लागतात, आणि ती प्राणवायूची वाट न पाहता जाळावी लागल्यामुळे स्नायूंत आम्लता वाढते. हातपाय भरून येतात ते या अवस्थेत. त्यानंतरचा सारा कारभार फुफ्फुसे आणि हृदय यांच्यावर येऊन पडतो. मल्लाचा दम म्हणजे मुख्यतः झटक्या-झटक्यांमधील अल्प अवकाशात ही शिल्लक पुन्हा भरून काढण्याची ताकद होय. ती धावण्याने आणि रोजच्या लढतीने वाढते, आणि काही आठवडे मेहनत बंद पडली की झपाट्याने उतरते.

कुस्तीत याला आणखी एक अडचण जोडलेली आहे. धावणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि सैल होतात, त्यामुळे त्यांतून रक्त खेळत राहते. मल्लाची पकड तशी नसते. मनगट धरून, मानेवर भार टाकून तो मिनिट मिनिट एकाच स्थितीत झुंजतो, आणि जोराने आवळून धरलेल्या स्नायूत रक्ताचा ओघ अडतो. म्हणून खडाखडीत दोघे नुसते उभे दिसतात तेव्हा काठावरून ‘अरे, लढा की!’ अशी आरोळी उठते खरी, परंतु त्याच क्षणी दोघांचे पुढचे हात जळत असतात. खडाखडी म्हणजे विश्रांती, ही समजूत चुकीची आहे.

या चुकीच्या निवाड्याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रानेच जगाला दिलेले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सहावे आले; मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती. 1952 साली हेलसिंकीला ते पुन्हा गेले. तेथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली आणि ती त्यांनी गमावली. त्यानंतर लागलीच त्यांना सोव्हिएट मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो बजावून सांगण्यास त्या वेळी भारतीय पथकाचा एकही अधिकारी जवळ नव्हता, असे या प्रसंगाविषयी नेहमी सांगितले जाते. थकलेले जाधव ती कुस्तीही हरले. सुवर्णपदक इशींना मिळाले, रौप्यपदक मामेदबेकोव्हना, आणि जाधवांच्या वाट्याला कांस्य आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते, म्हणून गावाकडे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि त्या दुसऱ्या लढतीची चर्चा मागे पडली. पदक हुकले असते तर? हेलसिंकीच्या काठावर बसलेल्या कोणा अनोळखी बघ्याने ती एकच कुस्ती पाहिली असती, तर त्याने या मल्लाला दम नसल्याचे खुशाल सांगितले असते, आणि जे दिसले त्यापुरते ते खोटेही नव्हते.

जत्रेतील मल्लाची हकिकत याहून फारशी निराळी नाही. हंगामाचे दिवस मोजके, इनामे त्या दिवसांतच मिळावयाची, आणि वर्षाच्या खुराकाचा बराचसा खर्च त्यांतून निघावयाचा. दूध, तूप, बदाम, मांस, अंडी यांचा खर्च शेतकरी घराला सोपा नसतो. म्हणून आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी अशी धावपळ सुरू होते. रात्र प्रवासात जाते, सकाळची मेहनत चुकते, आणि दुपारच्या उन्हात माती अंगावर घ्यावी लागते. शरीरातील पाणी वजनाच्या शेकडा दोन इतके जरी उणे झाले, तरी दीर्घ श्रमाची शक्ती घटते, हे शरीरशास्त्राला पुरते ठाऊक आहे. मोठा गडी घामावाटे तेवढे पाणी वैशाखाच्या एका दुपारी सहज गमावतो. म्हणजे मेहनत टाकल्याने दम गेला, हा बघ्यांचा तर्क अर्धा बरोबर असतो. मेहनत का सुटली, एवढेच त्यांनी विचारलेले नसते.

सुटलेल्या पोटाची गोष्टही अशीच फसवी आहे. महाराष्ट्र केसरीच्या गटात 86 ते 125 किलो वजनाचे मल्ल लढतात. त्या वजनात कंबर रुंद दिसणे हे आळसाचे लक्षण मानता येत नाही. उलट, हलक्या गटातील रेखीव शरीराचा मल्ल वजन उतरविण्यासाठी उपाशी राहून आतून पोखरलेला असू शकतो. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावत याने 57 किलोच्या गटात कांस्यपदक मिळविले, त्याआधी सुमारे दहा तासांत त्याला साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवावे लागले होते. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट केवळ 100 ग्रॅम अधिक भरल्यामुळे अंतिम लढतीपूर्वी बाद झाल्या, आणि देशभर जो वाद माजला त्यात बेफिकिरीचा आरोप करणारेही होतेच. रात्रभर न झोपता घाम गाळणाऱ्यावर बेफिकिरीचा आरोप व्हावा, ही या निवाड्याची खरी जात आहे.

याचा अर्थ मल्लाची वृत्ती कधी बिघडतच नाही असा नव्हे. जुन्नर-आंबेगावच्या शेजारच्या खेड तालुक्यातील शिवराज राक्षे यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या कोथरूड येथे त्यांनी महेंद्र गायकवाड यांना एका मिनिटाच्या आत चितपट करून महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या स्पर्धेत सिकंदर शेख यांनी त्यांना काही सेकंदांतच अस्मान दाखविले. आणि त्याच महिन्यात धाराशिवला भरलेल्या दुसऱ्या स्पर्धेत ते पुन्हा विजयी झाले. फुलगावनंतर त्यांच्या तयारीविषयी बोलणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते की, काही सेकंदांच्या कुस्तीत दमाची परीक्षा होतच नाही. तेथे एक क्षणाची चूक होते आणि सारे संपते.

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला मात्र गोष्ट निराळी घडली. उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचाने दिला. पाठ पुरती टेकली की नाही, यावर वाद पेटला, आणि राक्षे यांनी पंचाची गचांडी धरून त्यास लाथ मारली. अंतिम लढतीत गायकवाड हे काही सेकंद उरले असता मैदान सोडून गेले. दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. निर्णय चुकीचा असेल, तरी पंचावर पाय उचलणे हे कोणत्याही तालमीत खपणारे नाही. वृत्तीचा दोष म्हणावयाचा तो याला. तो सर्वांच्या डोळ्यांदेखत घडतो, धापेवरून ताडावा लागत नाही. दम संपल्याने कोणी लाथ मारीत नाही.

मग धापा टाकणारा आणि अंगचोरी करणारा हे ओळखावे कसे? अनुभवी वस्ताद पायांकडे पाहतो. ज्याला लढावयाचेच नाही, तो पकड होण्यापूर्वी मागे सरतो. त्याचा श्वास संथ असतो आणि नजर पंचाकडे किंवा कडेकडे असते. ज्याचा दम गेला आहे, तो पकडीत शिरतो, पण पकड सुटल्यावर त्याचे पाऊल उशिरा पडते. त्याचे कोपर अंगापासून सुटतात, मान खाली येते, तोंड उघडे पडते, आणि मिळेल त्या क्षणी हात गुडघ्यांवर जातात. तिसराही एक प्रकार आहे: दुखरा गुडघा झाकून लढणारा. तो एकाच बाजूने फिरतो, आणि एकाच पायावर भार ठेवतो. जत्रेच्या गोंगाटात हे तिघेही सारखेच ‘कामचोर’ ठरतात. गादीवरच्या कुस्तीत बचाव करीत राहणाऱ्याला ताकीद मिळते, मग तीस सेकंदांत गुण न घेतल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण दिला जातो. तेथे लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. मातीच्या आखाड्यात निकाल पाठ टेकण्यावर. वेळ किती द्यावयाचा, कुस्ती बरोबरीत केव्हा सोडवावयाची, हे पंचांच्या मनावर असते, आणि पंच गर्दीच्या आरोळ्या ऐकत असतात.

त्या आरोळ्यांचे परिणाम आखाड्यापुरते राहत नाहीत. अठरा-वीस वर्षांच्या पोराला चारचौघांत ‘दम नाही’ असे म्हटले, की ती वाटेल त्या मार्गाने मिळविण्याची वस्तू होऊन बसते. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरावयाचे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळांतील तरुणांना चोरून विकल्याबद्दल महाराष्ट्रात पोलिसांनी अनेकदा कारवाई केलेली आहे. या औषधाने दम वाढत नाही. थकव्याची जाणीव तेवढी बुजते आणि हृदय वेगाने धावू लागते. म्हणजे शरीर थांब म्हणत असता ते ऐकू येईनासे होते. वैशाखाच्या उन्हात, पाणी उणे पडलेल्या शरीरात, त्याचा परिणाम काय होऊ शकतो हे सांगण्यास वैद्याची गरज नाही.

जुन्या वस्तादांची रीत अशी की, पठ्ठा हरून आला तर त्या रात्री त्याच्याशी कुस्तीविषयी अवाक्षर काढावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, उठल्याबरोबर, त्याच्या नाडीवर बोटे ठेवावयाची. नाडी रोजच्यापेक्षा बरीच जलद लागली, तर त्या दिवशी जोर नाहीत, बैठका नाहीत, आणि पुढच्या गावची जोड लागली असली तरी ती मोडावयाची. तिकडचे पंच काय म्हणतील ते म्हणोत. नाडी संथ लागली, म्हणजे मात्र फावडे हाती देऊन हौद्यातील माती खणावयास लावावयाचे.