तुझ्या खेळात मी कोण?

शनिवारची रात्र. बाहेरच्या खोलीत चार मित्र जमले आहेत. टेबलावर कागद, पेन्सिली, चिवड्याची वाटी आणि वीस बाजूंचे रंगीत फासे. एक जण म्हणतो, 'मी दार उघडत नाही, आधी कान लावून ऐकतो.' फासा पडतो आणि सगळे एकदम ओरडतात. तिशी उलटलेल्या माणसांना नसलेल्या दाराची एवढी काय भीती, हे आतल्या खोलीतल्या बायकोला कळत नाही. एक दिवस नवरा म्हणतो, 'अगं, तूही बस ना आमच्यात.' ती बसते. पाऊण तास नियम ऐकते, दोनदा फासा टाकते, तीनदा 'तसं नाही करता येत' हे ऐकते आणि 'उद्या लवकर उठायचंय' म्हणून उठून जाते. त्यानंतर घरात तो विषय निघत नाही.

हे खेळ खेळणाऱ्या कुठल्याही घरात शोभेल असा हा प्रसंग. कधी खेळणारी ती असते आणि कंटाळणारा तो. आपल्याला आवडणारी गोष्ट जोडीदारालाही आवडावी, ही इच्छा चांगलीच. मात्र ती फसते का आणि साधते कशी, याची उत्तरे खेळाच्या पुस्तकापेक्षा मानसशास्त्रात अधिक सापडतात.

भातुकलीचे मोठे भावंड

'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम' म्हणजे टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा भूमिकांचा खेळ. त्यातला सर्वांत प्रसिद्ध 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे जनक. छोट्या सैनिकांच्या पुतळ्यांनी लढाया खेळण्याचा छंद तिथे आधीपासून होता. या दोघांनी खेळाडूच्या हाती अख्ख्या फौजेऐवजी एकच माणूस दिला आणि त्याला नाव, स्वभाव, इतिहास दिला. २०१६ मध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतली मुले तळघरात बसून हाच खेळ खेळताना दिसली आणि आपल्याकडच्याही अनेकांना त्याची ओळख झाली.

एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. 'समोर जुना वाडा आहे, आतून उजेड येतोय. काय करता?' एवढ्यावर खेळ सुरू होतो. यात सहसा कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. भातुकली खेळलेल्या कुणालाही हे नवे नाही. फरक इतकाच, की भातुकलीत 'मीच जिंकलो' यावरून भांडण होते. इथे तो निकाल फासा देतो.

सात मिनिटांचा प्रयोग

जोडप्याने एकत्र काही नवे करण्याला विज्ञानाचा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जोडप्यांचे मनगट आणि घोटा एकमेकांना बांधले आणि हात किंवा दात न वापरता एक उशी सांभाळत त्यांना गादीवरून रांगत जायला सांगितले. दुसऱ्या गटाला चेंडू सावकाश घरंगळत नेण्याचे कंटाळवाणे काम दिले. अवघ्या सात मिनिटांच्या धडपडीनंतर पहिल्या गटातील जोडप्यांना आपले नाते अधिक समाधानाचे वाटू लागले. नव्या अनुभवात माणूस स्वतःला विस्तारतो आणि त्या विस्ताराचे श्रेय सोबत असलेल्या माणसालाही देतो, असे एरन यांचे म्हणणे. दोघांनी मिळून नसलेल्या वाड्यात शिरणे हा तसाच अनुभव ठरू शकतो, मात्र दोघांनाही त्यात शिरावेसे वाटले तर.

हा 'तर' महत्त्वाचा आहे. ड्युएन क्रॉफर्ड, टेड हस्टन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विवाहित जोडप्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष नवऱ्यांनी जपून ठेवावा असा आहे. नवऱ्याला आवडणाऱ्या पण बायकोला न आवडणाऱ्या विरंगुळ्यात नवरा रमला, मग तो एकटा असो वा तिला सोबत घेऊन, तर त्याचा संबंध बायकोच्या असमाधानाशी दिसला. म्हणजे नुसते शेजारी बसवून घेतल्याने सोबत घडत नाही.

डोक्यातली जागा मोजकीच

पहिला डाव फसण्याचे मोठे कारण म्हणजे नियमांचा भडिमार. नवी माहिती हाताळताना आपली कार्यकारी स्मृती एका वेळी साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकते, असे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्राचा कागद भरतानाच सहा गुण, वंश, व्यवसाय, शस्त्रे, मंत्र अशी रांग लागते. खेळणाऱ्याला ती पाठ असते, म्हणून सोपी वाटते. नवख्याच्या डोक्यात मात्र गोष्टीला जागाच उरत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी पात्र तयार करून द्यावे आणि नियम एकच सांगावा: 'काय करायचं ते बोल, अवघड असेल तर फासा टाक.' बाकीचे नियम गरज पडेल तेव्हा, एकेक करून. गोष्ट दीड-दोन तासांत संपणारी असावी आणि जोडीदाराच्या आवडीची असावी. ड्रॅगन हवाच असे नाही. रहस्यकथा आवडणाऱ्या माणसासाठी चोरीला गेलेली नथही पुरते. चार जुन्या खेळाडूंपुढे बुजायला होत असेल तर दोघांतही खेळता येते.

चूक दाखवण्याचा मोह

दुसरी अडचण नात्यातली आहे. ज्याला खेळ येतो तो नकळत मास्तर होतो. 'तलवार काढ', 'तो मंत्र वाया घालवू नकोस' असे सल्ले सुरू होतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार एखाद्या गोष्टीची आतून ओढ लागायला तीन गोष्टी लागतात: निर्णय आपला असणे, आपल्याला ते जमते असे वाटणे आणि आपुलकी. सल्ल्यांच्या माऱ्यात पहिल्या दोन जातात आणि तिसरीही धोक्यात येते. स्कूटर शिकवताना झालेली भांडणे आठवली तर हे वेगळे सांगायला नको.

जमण्याची भावना थोडी फाशावरही अवलंबून असते. समजा, कुलूप उघडायला १५ हवेत आणि पात्राच्या कौशल्याचे ३ मिळतात. मग फाशावर १२ किंवा जास्त पडावे लागतात. वीसपैकी नऊ बाजू, म्हणजे ४५ टक्के शक्यता. दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा दिली तर हीच शक्यता जवळपास ७० टक्क्यांवर जाते. ही सवलत नियमांतच आहे. जोडीदाराने एखादी युक्ती लढवली की ती उदारपणे द्यावी. फासा फसला तरी 'जमलं नाही' म्हणून थांबू नये. 'कुलूप उघडलं, पण आवाज झाला' म्हणावे. गोष्ट पुढे सरकली पाहिजे.

नकाराची सोय

या खेळाच्या जगात एक शहाणी पद्धत रुजली आहे. टेबलाच्या मधोमध फुलीचे एक कार्ड ठेवतात. गोष्टीत कुणाला नकोसे काही आले, की त्याने कार्डाला हात लावायचा. तो भाग तिथेच वगळला जातो आणि कारण विचारले जात नाही. हीच सोय खेळाबाहेरही असावी. दोन-तीन डावांनंतर जोडीदार 'हे माझं नाही' म्हणाला तर तो नकार खेळाला आहे, माणसाला नाही. मग छंद मित्रांसोबत चालू ठेवावा, पण त्याच्या वेळेचा हिशेब दोघांनी मिळून ठरवावा. आणि उलट प्रश्नही विचारावा: तुझ्या कशात मी यावं?

त्या शनिवारनंतर काही महिन्यांनी नवरा पुन्हा विचारतो, पण या वेळी पुस्तक बाहेर काढत नाही. जेवणे उरकल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर दोघेच बसतात. 'समोर जुना वाडा आहे. दार बंद आहे. काय करतेस?' तो सवयीने कान लावायला सुचवणार असतो, पण जीभ आवरतो.

ती थोडा विचार करते. 'कडी वाजवते,' ती म्हणते. 'कुणी राहत असेल ना आत.'

इतक्या वर्षांत त्याच्या चारही मित्रांना हे सुचलेले नसते. आता आत कोण राहते, ते त्याला शोधावे लागणार असते.