कापडबचत (घरगुती शिवणकाम)

घरगुती शिवणकामातील कापडबचत म्हणजे कपडा बेतताना, शिवताना आणि वापरून जीर्ण झाल्यावर कमीत कमी कापड वाया जाईल अशा पद्धतींचा अवलंब करणे होय. काटकसरीची कापणी, जुन्या कपड्यांची दुरुस्ती व रूपांतर आणि उरलेल्या कात्रणांचा पुनर्वापर हे तिचे तीन प्रमुख भाग आहेत. महाराष्ट्रात गोधडी हे या परंपरेचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

तयार कपड्यांच्या उद्योगात कापणीच्या टप्प्यावर साधारण १५ टक्के कापड वाया जाते, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. घरी एकेकच कपडा बेतला जात असल्याने तुकडे एकमेकांत बसवण्यास वाव कमी असतो आणि निष्काळजी कापणीत नासाडी याहून अधिक होऊ शकते. कापसाच्या लागवडीला पाणी व जमीन लागते, तर रंगाईला पाणी, इंधन आणि रसायने लागतात. त्यामुळे फेकलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर ही साधनसंपत्ती आणि विणकराचे श्रमही वाया जातात.

भंडारा जिल्ह्यातील परंपरा

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा टसर रेशमासाठी ओळखला जातो. हे रेशीम स्थानिक बोलीत 'कोसा' म्हणून प्रसिद्ध आहे. टसरच्या अळ्या ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढवल्या जातात. हे काम परंपरेने ढिवर समाजाकडे आहे, तर मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा विणकामाचे जुने केंद्र आहे. विदर्भातील करवती काठाच्या साड्यांत काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. या साड्यांत अंगाचा आणि काठाचा बाणा वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवला जातो. या साड्या व कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

टसर व्यवसायात बचतीची सुरुवात सूत काढण्यापासूनच होते. बीजोत्पादनासाठी राखलेल्या कोषातून पतंग बाहेर पडला की कोषाचा सलग धागा तुटतो. असे कोष टाकून न देता त्यांपासून 'घिचा' नावाचे जाडेभरडे सूत काढले जाते. सलग धागा काढल्यानंतर उरलेल्या अवशेषापासून 'कटिया' सूत तयार होते. या सुतांच्या कापडाला खडबडीत पोत येतो आणि त्यासाठी त्याला स्वतंत्र मागणी असते. वनांवर आणि हातमागावर अवलंबून असलेले हे कापड मुबलक नसल्याने ते शिवताना वाया घालवणे अधिकच महाग पडते.

कापणीतील बचत

जुना भारतीय पेहराव मुळातच काटकसरीचा होता. लुगडे, धोतर आणि उपरणे यांना कात्री लागत नसे. शिवलेल्या अंगरख्यात व कळीदार कुडत्यात बहुतेक भाग आयताकृती किंवा समलंब असत आणि काखेत चौकोनी तुकडा जोडला जाई.

यामागील भूमिती सोपी आहे. चौरस कापडातून सर्वांत मोठे वर्तुळ कापल्यास सुमारे २१ टक्के कापड चार कोपऱ्यांत उरते. त्याऐवजी घेर कळ्यांचा केला आणि कळ्या एक सुलट, एक उलट अशा मांडल्या, तर त्या पन्ह्यात जवळजवळ पूर्ण बसतात.

घरी पुढील पद्धती उपयोगी पडतात :

• सुती कापड बेतण्यापूर्वी धुऊन घ्यावे, म्हणजे शिवल्यावर आटून कपडा निरुपयोगी होत नाही.
• सर्व भागांचे कागदी नमुने एकाच वेळी कापडावर मांडावेत. मोठे भाग प्रथम बसवून लहान भाग मधल्या जागेत बसवावेत.
• उभ्या धाग्याची दिशा पाळावी. केवळ बचतीसाठी भाग तिरपा कापल्यास कपडा धुतल्यावर पिळवटतो.
• वाढत्या वयाच्या मुलांच्या कपड्यांत शिलाईत जादा माया आणि खाली रुंद दुमडपट्टी ठेवावी.
• गळ्याच्या व मुंढ्याच्या पट्ट्यांसाठी उरेब तुकडे उरलेल्या कोपऱ्यांतून काढावेत.

दुरुस्ती आणि रूपांतर

कपडा बहुधा एकाच ठिकाणी आधी झिजतो, तर उर्वरित कापड शाबूत असते. रफू, ठिगळ, कॉलर उसवून उलटी लावणे आणि बटणे बदलणे यांमुळे त्याचे आयुष्य वाढते. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या सुती साडीपासून दुपटी, झबली, कुंची किंवा अस्तर होते. वारंवार धुतल्याने मऊ झालेले सुती कापड तान्ह्या बाळासाठी विशेष सोयीचे मानले जाते. लहान कात्रणे पिशव्या, पायपुसणी व उशांच्या भरणासाठी वापरतात.

गोधडी

जुन्या साड्या व धोतरे यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण म्हणजे गोधडी किंवा वाकळ. वरचा थर चांगल्या कापडाचा असतो आणि विरलेले तुकडे आत जातात. थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे ऊब मिळते. जवळजवळच्या टाक्यांमुळे जीर्ण कापडही एकसंध राहते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्या जोडून केलेली वस्त्रे वापरत. त्यामुळे त्यांना 'गोधडेबाबा' असेही म्हटले जाई. बंगालमधील कांथा, कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी आणि जपानमधील बोरो ही याच स्वरूपाची अन्य उदाहरणे आहेत.

मर्यादा

पुनर्वापराने कचरा लांबणीवर पडतो, पूर्णपणे टळत नाही. फार विरलेले कापड टाका धरत नाही. पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि कुजतही नाही. ते जाळल्यास घातक धूर निघतो. मिश्र तंतू वेगळे करणे कठीण असल्याने अशा कात्रणांचा पुनर्वापर मर्यादित राहतो. हातशिलाईला लागणारा वेळ हीसुद्धा मोठी अडचण आहे. एक गोधडी पूर्ण होण्यास अनेक दिवस लागतात आणि हे श्रम बहुतांशी स्त्रियांचे व बिनमोल असतात. बाजारात स्वस्त ब्लँकेट सहज मिळू लागल्याने हे कौशल्य पुढील पिढीकडे पोहोचण्याचे प्रमाण घटले आहे. म्हणून कापडाची बचत मोजताना ती करणाऱ्या हातांच्या श्रमाचे मोलही धरणे आवश्यक ठरते.

हेही पाहा

• गोधडी
• टसर रेशीम
• हातमाग
• भंडारा जिल्हा