वाळूंतला लेपा

आपली गोदावरी पूर्वेस वाहत जाते आणि पश्चिमेचा समुद्र कसारा घाटापलीकडे राहतो. त्यामुळें समुद्राचे मासे नाशिकच्या बाजारांत येतात ते बर्फांतून. असाच एक लेपा आम्ही वर्गांत दाखवावयास नेला, तेव्हां मुलें हंसूं लागलीं. दोन्ही डोळे एकाच बाजूस, तोंड वांकडें, अंग भाकरीसारखें चपटें! एकानें विचारलें, "सर, हा चेंगरला काय?"

बालमित्रांनो, लेपा जन्मतः असा नसतो. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं इतर माशांप्रमाणें उभें पोहतें व त्याचे डोळे दोन बाजूंस एकेक असतात. पुढें कवटी वळूं लागते, एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारीं येतो आणि पिल्लूं कुशीवर पडून तळाशीं वस्ती करतें. लेप्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगास असतात. तें अंग वर राहतें व चिखलवाळूच्या रंगाचें असतें; खालचें पांढरें. परांच्या झालरीनें वाळू उडवून तो अंगावर घेतो, मग बाहेर दिसतात ते केवळ डोळे. तळांतील किडे व बारीक कोळंबीवर्गीय जीव हें त्याचें अन्न. त्याचा मोठा भाऊबंद भाकस हा मात्र तीक्ष्ण दांतांचा शिकारी असून, त्याचे डोळे कोणाचे डावीकडे तर कोणाचे उजवीकडे असतात.

ह्या डोळ्यानें पंडितांनाही कोड्यांत टाकलें. अर्ध्या वाटेवरील डोळ्याचा उपयोग काय, असा पेच १८७१ सालीं मायव्हर्टनें डार्विनला घातला. डार्विननें १८७२ सालीं उत्तर दिलें. परंतु प्रत्यक्ष पुरावा २००८ सालीं फ्रीडमन ह्या संशोधकानें पुढें आणला. सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वींच्या, इटलींतील पाषाणांत सांपडलेल्या माशांचा एक डोळा माथ्याकडे अर्धाच सरकलेला होता!

शत्रूपासून राखणारी ही युक्ति तळ खरवडीत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यापुढें मात्र फुकट जाते. त्या जाळ्यांत मोठ्यांबरोबर कोंवळीं पिल्लेंही सांपडतात. पावसाळ्यांत महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, ती माशांच्या पैदाशीला उसंत मिळावी म्हणून. घाटावर राहणाऱ्या आपणही अगदीं कोंवळी मासळी विकत न घेऊन त्या कामीं हातभार लावूं शकतों, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

त्या मुलास आमचें उत्तर एवढेंच: लेपा चेंगरलेला नाहीं, तो आपल्या घराजोगा घडलेला आहे. वाळूंत दडलेला असतांना तो तुला दिसला असता, तर तूं हंसला नसतास. किंबहुना, तो तुला दिसलाच नसता.