भुतासारखा कण आला कुठून? शोध लागला तो दोन साक्षीदारांमुळे

२२ सप्टेंबर २०१७. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात खोलवर निळसर प्रकाश चमकला. अवघ्या ४३ सेकंदांत जगभरातल्या वेधशाळांना संदेश गेला: आकाशात या दिशेला बघा!

बर्फात आदळला होता न्यूट्रिनो.

न्यूट्रिनो इतका खास का?

तो ग्रह-ताऱ्यांतूनही सहज आरपार जातो. त्यावर विद्युतभार नसल्याने वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्याला वळवू शकत नाहीत. तो सरळ येतो, म्हणजे आपल्या उगमाकडे बोट दाखवतो. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा शोध १९१२ मध्ये लागला, पण ते वाटेत वळत असल्याने त्यातले सर्वांत शक्तिशाली किरण कुठे जन्मतात, हे कोडंच राहिलंय. न्यूट्रिनो ते सोडवू शकतो.

त्याला पकडण्यासाठी 'आइसक्यूब' प्रकल्पाने एक घन किलोमीटर बर्फात ५,१६० संवेदक पुरलेत.

मग गॅमा किरण कशाला हवेत?

कारण न्यूट्रिनोने दाखवलेली दिशा ढोबळ असते. तेव्हा मिळालेला आकाशाचा तुकडा पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण पाचपट होता. वेगवान प्रोटॉन आदळतात तिथे न्यूट्रिनोंसोबत गॅमा किरणही तयार होतात. म्हणून दुसरा साक्षीदार शोधला गेला.

'फर्मी' या अंतराळ दुर्बिणीला त्याच तुकड्यात, मृग नक्षत्राच्या दिशेला, एक ब्लेझार भडकलेला दिसला: टीएक्सएस ०५०६+०५६. ब्लेझार म्हणजे महाकाय कृष्णविवर असलेली अशी दीर्घिका, जिचा कणांचा झोत आपल्याच दिशेने रोखलेला असतो. इथला प्रकाश आपल्यापर्यंत यायला जवळपास ४०० कोटी वर्षं लागतात.

म्हणजे कोडं सुटलं?

अजून नाही. हा योगायोग असण्याची शक्यता हजारात एकच्या आसपास होती. भौतिकशास्त्रात 'शोध' म्हणायला ती साधारण ३५ लाखांत एक लागते. शिवाय जुन्या नोंदी तपासल्या, तर २०१४-१५ मध्येही त्याच दिशेने जास्तीचे न्यूट्रिनो आलेले दिसले. पण तेव्हा गॅमा किरण भडकलेच नव्हते!

२०२२ मध्ये आणखी एक धागा मिळाला. एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून सुमारे ७९ न्यूट्रिनो आल्याचं आइसक्यूबने जाहीर केलं. तिथून तेवढ्या ऊर्जेचे गॅमा किरण मात्र दिसत नाहीत. कृष्णविवराभोवतीच्या दाट प्रारणात ते अडकत असावेत.

म्हणून दोन्ही साक्षीदार लागतात. दोघं एकत्र बोलले तर पत्ता कळतो. गॅमा गप्प राहिला, तर न्यूट्रिनो किती दाट पडद्याआडून आला, हे कळतं.