लोडर ट्रॅक्टरचा मागील प्रतिभार

पुढे लोडर बसविलेल्या लहान ट्रॅक्टरचा तोल राखण्यासाठी त्याच्या मागील बाजूस जे जादा वजन जोडतात, त्यास मागील प्रतिभार म्हणतात. व्यवहारात 'बॅलास्ट' हा शब्द रूढ आहे. ऊस भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते, म्हणून तेथे वजने पुढे लावतात. लोडरची गरज नेमकी याउलट असते. प्रतिभाराचा हेतू अधिक माल उचलणे हा नसून ट्रॅक्टर व चालक यांची सुरक्षितता हा आहे.

तत्त्व

लोडरची बकेट पुढील चाकांच्याही पुढे असते. त्यामुळे ट्रॅक्टर तरफेसारखा वागतो: पुढील आस हा टेकू, बकेटमधील माल एका बाजूस आणि ट्रॅक्टरचे वजन दुसऱ्या बाजूस. माल जड झाला की मागील चाके हलकी होतात. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागील चाकांवर असतात. ती हलकी झाल्यास उतारावर ट्रॅक्टर थांबत नाही, घसरतो. शिवाय पुढील आस मध्यभागी एकाच खिळीवर झुलती असल्याने आडवा तोल मुख्यतः मागील चाके सांभाळतात. ती उचलली गेली की ट्रॅक्टर कुशीवर उलटू शकतो.

उदाहरण

दोन आसांमध्ये १.६ मीटर अंतर असून पुढील आसेच्या १.२ मीटर पुढे ४०० किलोचा भार आहे, असे मानू. मागील चाकांवरील भार ४०० × १.२ ÷ १.६ म्हणजे ३०० किलोंनी घटतो आणि पुढील आसेवरचा ७०० किलोंनी वाढतो. आता मागील आसेच्या ०.८ मीटर मागे ३०० किलोंचा प्रतिभार टांगला, तर मागील चाकांवर ४५० किलोंची भर पडते आणि पुढील आसेवरून १५० किलो उतरतात. तेच ३०० किलो मागील चाकांवरच बसविल्यास मागे फक्त ३०० किलोंची भर पडते व पुढील आसेचा भार मुळीच कमी होत नाही.

प्रकार

१. थ्री-पॉइंट लिंकेजवरील वजन: काँक्रीट वा वाळूने भरलेली पेटी, अथवा एखादे जड अवजार. ५० सेंटिमीटर बाजूचा काँक्रीटचा घन सुमारे ३०० किलोंचा होतो. हे वजन काढता-घालता येते. मात्र ट्रॅक्टरची लांबी वाढते.

२. टायरमधील द्रव: सामान्यतः सुमारे तीन-चतुर्थांश भाग भरतात. कडक थंडीच्या देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळतात. ते गळल्यास रिम गंजते.

३. चाकांवरील बिडाची वजने: ही मागील चाकांना बोल्टने जोडतात.

दक्षता

प्रतिभार किती असावा हे ट्रॅक्टर व लोडर यांच्या उत्पादकाच्या पुस्तिकेवरून ठरवावे. अतिरिक्त वजनाने मागील आस व टायर यांवर ताण येतो. प्रतिभार असला तरी भरलेली बकेट शक्य तितकी खाली ठेवून सावकाश जावे. चारचाकी चालना असल्यास उतारावर ती जोडलेली ठेवावी, म्हणजे पुढील चाकेही वेग रोखण्यास साहाय्य करतात. संरक्षक चौकट उभी असताना आसनपट्टा बांधणे आवश्यक असते. अन्यथा उलटताना चालक चौकटीबाहेर फेकला जाऊन तिच्याखालीच सापडू शकतो.